बोरीच्या घळीतून नळदुर्गाकडे : सोलापूरहून निघणाऱ्या एका पदभ्रमणाविषयी

सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने पन्नास किलोमीटरच्या आत असलेला नळदुर्ग आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी पाहिलेला असतो. धबधबे सुरू झाल्याची बातमी कानावर आली की गाडी काढायची, नदीवरच्या दगडी बांधाच्या पोटातील पाणीमहालापाशी गर्दीत छायाचित्रे घ्यायची आणि भाकरीच्या वेळेला घरी परतायचे, असाच या भेटीचा प्रघात पडून गेला आहे. शहरातील निसर्गप्रेमींच्या एका लहान गटाने सुरू केलेले एक दिवसाचे पदभ्रमण हा क्रम उलटा करते. आधी बोरी नदीच्या काठाने, घळीतल्या खडकांमधून चालत बांधाच्या पायथ्याकडे जायचे, तो खालून डोळे भरून पाहायचा आणि मगच किल्ल्यात पाऊल टाकायचे, अशी त्यांची आखणी आहे. या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर जाऊन आलो आणि या एका निर्णयासाठीच हा उपक्रम मला मोलाचा वाटतो.

निघण्याची वेळ पहाटेची ठेवली आहे आणि ती काटेकोरपणे पाळली जाते. आपल्याकडचे ऊन हिवाळ्यातही दहानंतर खडकावर चांगलेच जाणवते, त्यामुळे हा आग्रह योग्यच आहे. शुल्क वाजवी असून त्यात प्रवास, नाश्ता आणि दुपारचे जेवण येते. जेवणात कडक भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी आणि दही असा साधा बेत होता. चालून भूक लागलेली असताना याहून वेगळे काही हवेसे वाटले नाही.

चालण्याचा भाग फार लांबचा नाही, परंतु सोपा म्हणावा असाही नाही. पात्रात पाणी कमी असले तरी दगडांवर शेवाळ धरलेले असते आणि गुळगुळीत तळाची चप्पल त्यावर क्षणभरही टिकत नाही. मार्गदर्शकांनी घाई केली नाही, ही त्यांची मोठी जमेची बाजू. वाटेत एके ठिकाणी त्यांनी सर्वांना खाली बसवून कातळाला हात लावायला सांगितले. काळ्या दगडात वाटाण्याएवढी भोके होती. काही रिकामी, तर काहींत पांढरे, चमकदार स्फटिक बसलेले. लाव्हा थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्यातील खनिजे त्या पोकळ्यांत साठत गेली, हे त्यांनी इतक्या सोप्या शब्दांत सांगितले की आमच्यातील शाळकरी मुले पुढची सगळी वाट दगड निरखतच चालली. दख्खनच्या पठाराचा हा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. किल्ल्याची तटबंदी ज्या जातीच्या दगडाची आहे, तोच दगड पायाखाली असताना हे ऐकणे आणि पुस्तकात वाचणे यांत फार अंतर आहे.

घळीतून वर पाहिल्यावर बांध समोर येतो, तो या दिवसाचा गाभा आहे. किल्ल्याच्या बाजूने जाणाऱ्याला बांध म्हणजे पाण्यावरून पलीकडे नेणारी एक रुंद वाट वाटते; त्याची उंची कळत नाही आणि त्याचे कामही कळत नाही. खालून मात्र मुख्य किल्ला आणि पलीकडच्या काठावरचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांना जोडणारी ती घडीव दगडांची भिंत एका नजरेत येते, आणि नदी अडवून तिचे पाणी किल्ल्याच्या रक्षणासाठी व वापरासाठी कसे राबवले, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये हे काम झाले. पाण्याचा दाब सोसणाऱ्या भिंतीच्या पोटात महाल कोरल्यासारखा बसवायचा, त्याला घळीच्या बाजूने सज्जा ठेवायचा, आणि वरून पाणी कोसळत असतानाही आतला माणूस कोरडा राहील अशी रचना साधायची, हे धाडस ज्यांनी केले त्यांच्याविषयी मनात केवळ आदर उरतो. पाणीमहाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल, अशा आशयाचा फारसी शिलालेख तेथे आहे. खालून बांध पाहून झाल्यावर त्या शब्दांत अतिशयोक्ती वाटत नाही.

किल्ल्यातील फेरी त्यामानाने नेहमीसारखी होती. पाकळ्यांसारखी वळणे असलेला नवबुरूज, उंच उपळ्या बुरूज आणि त्यावरच्या तोफा, हे सर्व नीट दाखवले गेले. १८५३ ते १८६० या काळात हा प्रदेश निजामाकडून इंग्रजांकडे गेला होता आणि त्यातील पहिली काही वर्षे कर्नल मेडोज टेलर येथे अधिकारी म्हणून राहत होता, ही माहितीही मिळाली. नळराजाची कथा सांगताना ती दंतकथा आहे असे मार्गदर्शकांनी आवर्जून म्हटले. इतिहास आणि आख्यायिका यांची सरमिसळ न करणारे मार्गदर्शक आपल्याकडे दुर्मीळ आहेत, म्हणून हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

आता उणिवा. गट फार मोठा होता. घळीत एकामागे एक चालावे लागते, त्यामुळे पुढच्या माणसाला सांगितलेले मागच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि निसरड्या जागी आधाराचा दोर असूनही तिथे रांग खोळंबते. एका वेळी पंधरा-वीस जणच न्यावेत, मग शुल्क थोडे वाढवावे लागले तरी चालेल. पादत्राणांविषयीची सूचना नोंदणीच्या वेळीच ठळकपणे द्यायला हवी होती. कातळात आणि जुन्या तटबंदीत आग्यामोहोळ असण्याचा संभव असतो. अत्तर लावू नये, धूर करू नये, आरडाओरडा करू नये, हे बसमध्येच सांगायचे, ते आम्हाला अर्धी वाट संपल्यावर सांगण्यात आले. घळीच्या टप्प्यात स्वच्छतागृहाची कोणतीही सोय नाही, ही बाब स्त्रियांना आधी कळलीच पाहिजे. सर्वांत मोठी खंत अशी की बुरुजांवर बराच वेळ गेल्यामुळे पाणीमहालात आम्हाला जेमतेम थांबता आले. ज्या बांधासाठी एवढे चालून यायचे, त्याच्या पोटात उतरल्यावर निवांत बसता येऊ नये, हे वेळापत्रक बदलायलाच हवे.

नोंदणी करण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वरचे बोरी धरण भरून वाहू लागले की नर आणि मादी हे दोन्ही धबधबे बांधावरून कोसळतात, आणि त्या दिवसांत घळीत उतरणे जिवावर बेतू शकते. आयोजक तेव्हा घळीतील टप्पा पूर्णपणे बंद ठेवतात आणि आग्रह करणाऱ्यांचेही ऐकत नाहीत, हे त्यांचे धोरण अगदी बरोबर आहे. म्हणजे धबधबे आणि घळ या दोन्ही गोष्टी एका दिवसात मिळत नाहीत. धबधब्यांसाठी पावसाळ्यात स्वतःच्या सोयीने जावे. या पदभ्रमणासाठी मार्गशीर्ष-पौषाचे दिवस निवडावेत, फक्त पौष पौर्णिमा टाळावी, कारण त्या दिवशी नळदुर्गात खंडोबाची यात्रा असते आणि रस्त्यावर वाहनांची मोठी गर्दी होते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना घळीत नेऊ नये; त्यांना थेट किल्ल्याच्या दरवाजापाशी सोडण्याची व्यवस्था आयोजक करतात, मात्र ती नोंदणीच्या वेळीच मागावी लागते.