जमिनीतला तोफगोळा की पेटीतला बिल्ला?

थाळनेरचा किल्ला पाहून आलेली पोरं हमखास विचारतात, ‘जिभाऊ, मेटल डिटेक्टर घेऊ का?’ 27 फेब्रुवारी 1818 ला इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेने तो किल्ला घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिली, म्हणजे तिथल्या मातीत काहीतरी असणारच, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. यंत्र मात्र घेऊ नका.

लढायांच्या वस्तू जमवायच्या तर आपल्या खान्देशात तीन वाटा आहेत: स्वतः शोधायचं, जुन्या बाजारातून घ्यायचं, नाहीतर लोकांच्या घरातल्या पेट्यांपर्यंत पोचायचं.

शोधण्यात थरार आहे, हे मी नाकारत नाही. पण संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणता येत नाही. शेत स्वतःचं असलं तरी 1878 चा निखात निधीचा कायदा आडवा येतो. जमिनीत दडलेली, 10 रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर कलेक्टरांना कळवावं लागतं. (10 रुपये! आता त्यात कटिंग चहासुद्धा जेमतेम येतो.) तेवढं करूनही हातात काय पडतं? दोनशे वर्षं मातीत मुरलेलं लोखंड बाहेर येऊन सुकलं की आतले क्षार त्याला फोडतात. पापुद्रे सुटतात आणि दोन पावसाळ्यांत गोळ्याची खपली होते. शिवाय गोळा तटाच्या कुठल्या बाजूला, किती खोल होता, यावरून तोफा कुठे लावल्या होत्या ते कळतं. उचलून पिशवीत टाकला की ते गेलं.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. 1818 च्या मे-जूनमध्ये मालेगावच्या भुईकोटाला वेढा पडला, तेव्हा इंग्रजांच्या उखळी तोफांच्या गोळ्याने आतलं दारूचं कोठार उडालं. तसले गोळे भरीव नसत. पोकळ, आत दारू, वर वातीचं भोक. असा गोळा दिसला आणि भोक बुजलेलं असलं तर हलवू नका, ठोकू नका, घासू तर मुळीच नका. 112 ला फोन करा. दारू जुनी झाली म्हणून मेली, असं धरून चालू नये.

जुना बाजार सोपा, पण फसवा. मी पहिला ‘तोफगोळा’ घेतला तो सिमेंट कारखान्याच्या चक्कीतला, दळायला वापरतात तो गोळा निघाला. विकणाऱ्याने थेट असीरगडाचा म्हणून दिला होता, आणि मीही 1819 चा वेढा डोळ्यांसमोर आणून पैसे मोजले. तेव्हापासून घेताना वजनकाटा आणि मापाची पट्टी सोबत असते. जुना तोफगोळा बहुधा बिडाचा असतो. 9 सेंटीमीटर व्यासाचा बिडाचा गोळा साधारण पावणेतीन किलो भरतो, तेवढाच पोलादी गोळा तीन किलोच्या जवळ जातो. अंगावर साच्याची शिवण आणि गंजाचे खड्डे शोधा. फार गुळगुळीत असेल तर राम राम करा. शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा धंदा करायला 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली परवाना लागतो, तो मागा, बिलही मागा. तलवार घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या, तिथे शस्त्र कायदा लागतो.

राहिली तिसरी वाट. माझं मत हिच्याच बाजूने.

पहिल्या महायुद्धात लढलेल्यांच्या घरी अजून बिल्ले, म्हणजे लढाईची पदकं, निघतात. चांदीचा असेल तर एका बाजूला पाचवा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, 1914 आणि 1918 ही सालं. ब्राँझचा असेल तर त्यावर बहुधा पंखवाली देवी. व्यास 36 मिलिमीटर. खरी मजा कडेवर आहे. तिथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत कोरलेली असते. तोफगोळा कुणी झाडला, कुणाला लागला, हे कधीच कळत नाही. इथे माणूस नावानिशी समोर येतो. कडेवर 103, 110 किंवा 117 मराठा असेल तर इराकमधल्या कूत-अल-अमाराची चौकशी करा. त्या पलटणी तिथल्या वेढ्यात होत्या आणि 29 एप्रिल 1916 ला वेढ्यातल्या फौजेला शरण जावं लागलं.

अडचण एवढीच की चांदीचे कित्येक बिल्ले सोनाराकडे मोडीत गेले. उरलेल्यांना घरच्या बायका दिवाळीत चिंच लावून चकचकीत करतात आणि कडेवरची अक्षरं झिजतात. मिळाला तर फक्त मऊ सुती कापडाने पुसा.

आणि सगळेच विकत नाहीत. अमळनेर तालुक्यातल्या एका आबांनी बिल्ला दाखवला, चहा पाजला आणि म्हणाले, ‘मन्हा बापनं शे, इकानं नही.’ मी कडेवरचा मजकूर उतरवून घेतला, दोन्ही बाजूंचे फोटो काढले. त्या नंबरावरून पलटण कुठे कुठे गेली ते शोधायला मला चार महिने लागले. चक्कीचा गोळा अजून दाराला अडसर म्हणून आहे.