ओएसपीएफ, ईआयजीआरपी की बीजीपी? आधी तुमचं नेटवर्क बघा

दोन-तीन राउटर आणि एकच इंटरनेट लाइन असेल, तर सरळ स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेले ठरीव रस्ते) टाका आणि मोकळे व्हा. शाखा वाढल्या, प्रत्येकीला दोन लिंक आल्या, की मग राउटिंग प्रोटोकॉलचा, म्हणजे राउटर आपसात बोलून रस्ते ठरवतात त्या पद्धतीचा, विचार.

त्यातला आरआयपी लावायला सगळ्यात सोपा, लॅबमध्ये शिकायला उत्तम. नवीन नेटवर्कला मात्र नको. तो फक्त हॉप, म्हणजे वाटेतले राउटर, मोजतो. समजा, दोन ऑफिसांमध्ये २ एमबीपीएसची थेट लाइन आहे, आणि मधल्या एका राउटरवरून जाणारा १०० एमबीपीएसचा दुसरा रस्ता आहे. आरआयपी डोळे झाकून २ एमबीपीएसवर जाणार, कारण तिथे हॉप कमी. १५ हॉपपलीकडचं तर त्याच्या लेखी पोहोचण्यापलीकडचंच.

त्याच जागी ओएसपीएफ कॉस्ट बघतो, म्हणजे रस्त्याची किंमत; कमी तितकी चांगली. राउटर बनवणाऱ्या सिस्कोच्या हिशेबात १०० भागिले लिंकची एमबीपीएसमधली बँडविड्थ: थेट लाइनची कॉस्ट ५०, लांबच्या रस्त्याची १ अधिक १ म्हणजे २. ट्रॅफिक बरोबर वळतं. पण या १०० मध्येच गोम आहे. एक गिगाबिट आणि दहा गिगाबिट, दोन्हींची कॉस्ट १ च येते. त्यामुळे रेफरन्स बँडविड्थ (हाच तो १०० चा आकडा) पहिल्याच दिवशी वाढवा, आणि सगळ्या राउटरवर सारखी. दुसरा नेहमीचा ताप: शेजारी राउटर ‘एक्स-स्टार्ट’मध्येच, म्हणजे माहितीची देवाणघेवाण सुरू होण्याच्या टप्प्यावरच, अडकून बसतो. तेव्हा आधी दोन्हीकडचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं. एरियांची, म्हणजे ओएसपीएफ नेटवर्कचे जे भाग पाडतो त्यांची, भीती बाळगू नका. वीस-पंचवीस राउटरना एकटा एरिया शून्य पुरतो.

ईआयजीआरपी माझ्या मते वापरायला जास्त सुखाचा. लूप होणार नाही याची खात्री असलेला पर्यायी रस्ता तो आधीच हेरून ठेवतो, लिंक पडली की लगेच तिकडे. अडचण एकच: तो सिस्कोचा. २०१६ मध्ये आरएफसी ७८६८ या जाहीर तांत्रिक दस्तऐवजातून तो खुला झाला, तरी इतरांनी फारसा जवळ केला नाही. उद्या टेंडरमध्ये स्वस्त म्हणून मायक्रोटिकसारख्या दुसऱ्या कंपनीचा राउटर आला की तुम्ही अडकलात. सगळा माल सिस्कोचाच राहणार असेल, तर खुशाल लावा.

आयएस-आयएस हाही असाच एक प्रोटोकॉल, पण मुख्यतः मोठ्या सर्व्हिस प्रोव्हायडरचा प्रांत.

बीजीपी या स्पर्धेतलाच नाही. तो स्वतंत्र नेटवर्कांमधला व्यवहार सांभाळतो. वेगापेक्षा धोरण आणि एएस पाथ (एएस म्हणजे असं एक स्वतंत्र नेटवर्क; पाथ म्हणजे वाटेतल्या एएसची यादी) बघतो, आणि शेजाऱ्याने सांगितलेलं मुळात खरं मानतो. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला त्याच्या पत्त्यांचा एक /२४ रूट (२५६ पत्त्यांचा गट) जाहीर केला. तो बाहेर गळला, आणि यूट्यूबच्या स्वतःच्या /२२ या मोठ्या गटापेक्षा नेमका असल्याने (राउटर नेहमी जास्त नेमका रूट निवडतात) जगभरचे राउटर त्याच्या मागे गेले. म्हणून शेजाऱ्याचे कोणते रूट घ्यायचे ते ठरवणाऱ्या फिल्टरशिवाय बीजीपी चालू करू नये.

दोन आयएसपी आहेत, स्वतःचा आयपी ब्लॉक आणि एएस नंबर आहे (भारतात ते आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडून मिळतात), तर बीजीपी घ्याच. ते नसेल, आणि फक्त एक लाइन पडल्यावर दुसरी चालायला हवी असेल, तर फायरवॉलमधला फेलओव्हर पुरतो.