डाग काढायचं मशीन: ओढायला पैकीच्या पैकी, फवाऱ्याला भोपळा

परवा सर्व्हिसवाल्याशी फोनवर चांगलीच वाजली, म्हणून हे लिहितेय. सोफ्यावर पाणी मारून लगेच ओढून घेणारं ते छोटं मशीन. वॅट, टाकी, वायरची लांबी सगळ्यांनी पाहिलेलंच असतं, ते सोडते. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलं, तरी दहा हजारांच्या वर गेलं. आता फवारा बंद पडलाय आणि उत्तर काय, तर "मॅडम, तुम्ही बोअरचं पाणी घातलंय, वॉरंटीत बसत नाही."

अहो, जुळे सोलापुरात राहतो आम्ही. नळ रोज येत नाही. मशीन काय उजनी धरणावर नेऊन भरू? पुस्तिकेत "स्वच्छ पाणी वापरा" एवढंच छापलंय. बोअरचं पाणी दिसायला स्वच्छच असतं की! बादली वाळल्यावर पांढरा थर दिसतो तेव्हा कळतं आत काय आहे ते. तोच थर फवाऱ्याच्या बारीक भोकांत बसतो. व्हिनेगर-पाण्यात बुडवून ठेवलं की सुटतो, थोड्या दिवसांत पुन्हा बसतो. जिथं निम्मं गाव बोअरवर चालतं तिथं हे विकताना भोकं जरा मोठी ठेवायला काय झालं होतं?

बरं, क्षार फवाऱ्यापुरतेच नाहीत. चहाचा डाग जातो आणि त्याच्या जागी मोठं वर्तुळ उमटतं, कडेला पांढरट रेघ. डाग परवडला! यावर उपाय असा की पुसायला आरओचं पाणी घ्यायचं आणि डागापुरतं न भिजवता उशीची ती बाजू शिवणीपर्यंत सारखी ओलसर करायची. एसीच्या पाइपचं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळपास नसतातच. फक्त एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी की एसीही कंजुषी करतो. आता मी कुंड्यांवर पाणी मारायच्या बाटलीनं फवारते आणि मशीन नुसतं ओढायला वापरते.

आणि ओढण्यात मात्र ते बापमाणूस आहे. सुरुवातीला माझं मत तसं नव्हतं. सांडलेल्या कॉफीवर सासूबाईंनी आपल्या सोलापूरचा जाड टर्किश टॉवेल घडी करून ठेवला, वर खलबत्ता ठेवला आणि म्हणाल्या, "घासू नकोस, दाब नुसतं." टॉवेलनं इतकं शोषलं की दहा हजार वाया गेले असंच वाटलं. पण सकाळी डाग पुन्हा वर! वरचं कापड वाळताना खालच्या फोममधलं उरलेलं पाणी वर चढतं आणि रंगही सोबत आणतं. टॉवेल तिथवर पोचत नाही, मशीन पोचतं. तेव्हा मत बदललं. आता आधी टॉवेल, मग मशीन, शेवटी पंखा फुल.

डाळिंबाच्या ज्यूसचं वेगळं सांगायला हवं, कारण सांगोल्याकडून पाहुणे आले की पेटी येतेच. त्यावर लगेच साबण लावू नका, लाल डाग निळसर-राखाडी होतो. आधी साधं गार पाणी, मग पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून. दुधाच्या चहालाही गरम पाणी नको, दूध कापडात धरून बसतं. तिथं भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब पुरतात. कंपनीची बाटली घेऊ नका. लिक्विड जास्त झालं तर टाकीत फेस चढतो आणि कापडात राहिलेला साबण पुढं धूळ धरतो. काहीही लावायच्या आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला थोडं लावून बघा, मखमलीवर तर नक्कीच.

हळदीच्या दुधापुढं मशीननं हात टेकले. साबणानं पिवळा डाग लाल झाला, घरात आरडाओरडा. धुऊन साबण निघाला तसा पुन्हा पिवळा. मग उशीच गच्चीवर नेली. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि ऊन आपल्याकडं फुकट आहे.

दुधाचं काही ओढलं तर घाण पाण्याची टाकी लगेच धुवायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी झाकण उघडवत नाही.

ज्यांच्या सोफ्याची कव्हरं चेननं निघतात त्यांनी हे घेऊच नये, कव्हर काढून धुवावं. आमच्यासारखं कापड फ्रेमला ठोकलेलं असेल तर घ्या, पण सेलमध्ये, आणि फवारा नाहीच असं धरून भाव करा.