स्टेशनरी आणि स्टेशनरी: उच्चार एक, अर्थ दोन

जून उजाडला की सोलापूरच्या नवी पेठेत वह्या-पेनांच्या दुकानांत गर्दी होते. त्या दुकानांच्या इंग्रजी पाट्यांवर ‘स्टेशनरी’ हा शब्द अनेकदा चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेला आढळतो. देवनागरीत फरक दिसतच नाही. इंग्रजीत मात्र शेवटच्या ‘आर’च्या आधी ‘ए’ असेल तर अर्थ ‘स्थिर’ आणि ‘ई’ असेल तर ‘लेखनसाहित्य’ असा होतो. वीज गेल्यावर थांबलेला यंत्रमाग पहिल्या अर्थाचा, तर त्याच कारखान्यातले पावतीपुस्तक दुसऱ्या.

दोन्हींचे मूळ लॅटिन ‘स्टारे’, म्हणजे उभे राहणे, या धातूत आहे; आपले ‘स्थान’ आणि ‘स्थिर’ हे शब्दही त्याच प्राचीन इंडो-युरोपीय मुळाचे, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. ‘एका जागेशी जोडलेला’ अशा अर्थाच्या ‘स्टाशिओनारिउस’ या लॅटिन शब्दातून पहिला अर्थ सरळ आला. दुसऱ्याची वाट लांबची आहे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते फिरते असताना विद्यापीठांजवळचे ग्रंथविक्रेते एका जागी दुकान मांडून बसत, म्हणून ते ‘स्टेशनर’ ठरले. लंडनमध्ये 1403 साली त्यांचा संघ स्थापन झाला, आणि पुढे त्यांच्याकडच्या कागद-शाईलाही त्यांचेच नाव चिकटले.

स्पेलिंगसाठी पाठांतरापेक्षा ही व्युत्पत्तीच अधिक भरवशाची आहे: ‘स्टेशनर’ या विक्रेत्याच्या नावाचा शेवट ‘ई-आर’ने होतो, त्याला फक्त ‘वाय’ जोडायचा, ‘पेपर’चा शेवटही तसाच असतो.