आधी तात्पुरता अर्ज, की थेट पूर्ण अर्ज?

पेटंट घ्यायचं एकदा पक्कं झालं की लगेच हा प्रश्न उभा राहतो: तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल, अर्ज करून आधी तारीख बांधून घ्यायची आणि वर्षभरात पूर्ण अर्ज करायचा, की थोडं थांबून क्लेमसकट, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या कलमांसकट, पूर्ण अर्जच करायचा? मी दोन्ही वाटांनी एकेकदा गेलो आहे. दोन्ही शोध यांत्रिक होते आणि दोन्ही वेळा एजंट एकच होता, त्यामुळे जो फरक पडला तो वाटेमुळेच पडला असं मी धरून चालतो. औषधं किंवा रसायनं यांत काम करणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

तात्पुरत्या अर्जाची बाजू भक्कम आहे, ती आधी सांगतो. बहुतेक सगळं जग आता आधी अर्ज करणाऱ्याला मान देतं. अमेरिकाही मार्च २०१३पासून त्याच बाजूला आली. अशा वेळी क्लेम न लिहिता, केवळ वर्णन आणि आकृत्यांवर तारीख मिळते, ही मोठी सोय आहे. प्रबंध चार दिवसांत सादर करायचा असेल, किंवा त्याच प्रश्नावर दुसरं कोणी काम करतंय याची कुणकुण असेल, तर मीही तात्पुरता अर्जच करीन. मुदतीचाही एक मुद्दा आहे. अमेरिकेत पेटंटची वीस वर्षं मोजताना तात्पुरत्या अर्जाचं वर्ष धरत नाहीत. भारतात मात्र ती त्याच तारखेपासून मोजली जातात. म्हणजे हा फायदा सगळीकडे मिळत नाही.

माझा पहिला शोध घडीच्या शिडीच्या बिजागरीतला खटका होता. शिडी उघडली की तो आपोआप बसायचा आणि वजन असताना सुटायचा नाही. तात्पुरत्या अर्जात मी स्प्रिंगवर चालणारा खटका लिहिला, कारण त्या दिवशी माझ्या हातात तोच होता. पाच महिन्यांनी स्प्रिंग काढून तिथे पाचर घातली. चढणाऱ्याच्या वजनानेच पाचर घट्ट होत जाते, मोडायला स्प्रिंगच उरत नाही. खरा शोध हाच होता. अर्ज झालेला आहे या भरवशावर ती पाचरवाली शिडी मी एका प्रदर्शनात मांडली.

अकराव्या महिन्यात पूर्ण अर्जाचा मसुदा करताना एजंटने विचारलं, "पाचर पहिल्या कागदात कुठे आहे?" ती कुठेच नव्हती. तारीख मिळते ती लिहिलेल्या गोष्टीला, मनात असलेल्या गोष्टीला नाही, हे मला ऐकून माहीत होतं; त्याचा अर्थ त्या दुपारी कळला. पाचरीला पूर्ण अर्जाचीच तारीख मिळणार होती आणि त्या तारखेच्या आधी मी स्वतःच ती लोकांसमोर ठेवली होती. अमेरिकेत स्वतःच जाहीर केलेल्या गोष्टीला एक वर्षाची सवलत असते, तिथे निभावलं. युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही. तिथे माझं प्रदर्शनच माझ्या अर्जाच्या आड आलं आणि पाचर सोडून द्यावी लागली. त्याचं दुःख अजून गेलेलं नाही.

यात मी एकटा नाही, हे नंतर वाचताना कळलं. न्यू रेलहेड विरुद्ध व्हर्मीर या खटल्यात २००२ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयासमोर खडकात आडवं भोक पाडणाऱ्या ड्रिल बिटचं पेटंट होतं. बिट मागच्या आवरणाशी कोनात बसतो, हा त्यातला कळीचा भाग. तो कोन तात्पुरत्या अर्जात सांगितलेलाच नव्हता. त्यामुळे ती तारीख मिळाली नाही, आणि बिटची विक्री पूर्ण अर्जाच्या वर्षभराहूनही आधी झालेली असल्याने पेटंट रद्द ठरलं. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळानेही २००१ साली हेच स्पष्ट केलं की अग्रक्रम, म्हणजे आधीच्या अर्जाची तारीख, हवा असेल तर आधीच्या अर्जातून तोच शोध थेट आणि निःसंदिग्धपणे निघाला पाहिजे.

दुसऱ्या शोधाच्या वेळी, तो पाइपांच्या जोडणीचा होता, मी थेट पूर्ण अर्ज केला. अडीच महिने जास्त लागले आणि त्या काळात कोणी पुढे जाईल ही धास्ती होती, हे नाकारत नाही. पण क्लेम लिहायला बसल्यावरच काम पुढे सरकलं. पहिल्या क्लेममध्ये नेमकं काय असावं हे ठरवताना शोधातली कुठली गोष्ट आवश्यक आणि कुठली नुसती सोयीची, हे कळत गेलं. रबरी कडं आवश्यक वाटत होतं, ते निघालं. खाचेचा उतार किरकोळ वाटत होता, तोच मुख्य ठरला. तात्पुरत्या अर्जात हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तो आपणही स्वतःला विचारत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की परदेशी अर्जांनाही पहिलीच तारीख धरली जावी यासाठी मिळणारं बारा महिन्यांचं वर्ष तात्पुरत्या अर्जामुळे मिळतं. तसं नाही. १८८३च्या पॅरिस करारातलं ते वर्ष पूर्ण अर्जानेही मिळतं, आणि पीसीटीच्या, म्हणजे अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करण्याच्या, वाटेने गेलात तर देशोदेशी अर्ज नेण्यासाठीचे तिथले तीस महिने पहिल्या तारखेपासूनच मोजतात, मग ती तारीख कुठल्याही अर्जाची असो. पूर्ण अर्जात नंतर नवा मजकूर घालता येत नाही, ही त्याची अडचण खरी. पण सुधारणा सुचली तर वेगळा अर्ज करता येतो, फक्त तो सुधारणा कोणाला दाखवण्याआधी करायचा.

तरीही तात्पुरताच करायचा झाला तर तो पूर्ण अर्जासारखा लिहा: सगळे पर्याय, सगळ्या आकृत्या, मापांचे पल्ले, आणि शक्यतो दोन-तीन क्लेमसुद्धा. पुढच्या वर्षात काही बदललं तर त्याच आठवड्यात दुसरा तात्पुरता अर्ज करा. नंतर पूर्ण अर्ज करताना दोन्ही तारखांवर हक्क सांगता येतो. माझ्या पाचरीला त्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एवढंच हवं होतं.