एचयूडी की स्वतःच्या नोट्स: आक्रमक खेळताना भिस्त कशावर?

ऑनलाइन पोकरमध्ये आक्रमक खेळायचं तर समोरचा कधी पानं टाकतो आणि कधी शेवटपर्यंत चिकटून बसतो, याचा अंदाज हवाच. तो बांधायचे दोन मार्ग आहेत. पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजर या सॉफ्टवेअरची एचयूडी (खेळाडूंचे आकडे स्क्रीनवर दाखवणारी सोय) लावून प्रत्येकाच्या नावाशेजारी आकडे बघायचे, नाहीतर आकडे बंद ठेवून स्वतः निरीक्षण करायचं, खेळाडूला रंग द्यायचा आणि नोट लिहायची. मी दोन्ही बराच काळ वापरलंय. इथे फक्त सहा जणांच्या कॅश टेबलाबद्दल लिहितोय. टूर्नामेंटमध्ये स्टॅक (प्रत्येकासमोरच्या चिप्स) सतत बदलतात, तिथला हिशोब वेगळा.

एचयूडीचं खरं बळ पहिल्या दोन आकड्यांत आहे. व्हीपीआयपी (किती टक्के डावांत तो स्वतःहून पैसे लावतो) आणि पीएफआर (किती टक्के डावांत फ्लॉपआधीच रेझ करतो, म्हणजे बेट वाढवतो) पन्नासेक डावांत बोलायला लागतात. 24/20 म्हणजे शिस्तीचा खेळाडू. 48/7 म्हणजे काहीही घेऊन येणारा आणि क्वचितच रेझ करणारा. याच्यावर ब्लफ वाया जातो, चांगल्या जोडीवर मात्र तिन्ही स्ट्रीटला (फ्लॉप, टर्न आणि रिव्हर, म्हणजे टेबलावर पानं उघडण्याचे टप्पे) पैसे मिळतात. चार-सहा टेबलं एकदम उघडी असतील, किंवा दर डावाला नवे खेळाडू येणाऱ्या फास्ट-फोल्ड टेबलावर बसला असाल, तर एवढ्या जणांना नजरेने ओळखणं शक्यच नाही. तिथे एचयूडीला पर्याय नाही, हे मोकळेपणाने मान्य करतो.

माझं मत फिरलं ते ‘फोल्ड टू 3-बेट’ या आकड्यामुळे: खेळाडूच्या रेझवर कुणी पुन्हा रेझ केली (हीच 3-बेट), तर तो किती टक्के वेळा फोल्ड होतो, म्हणजे पानं टाकतो. समजा, एखाद्याचे 100 डाव जमलेत. त्यात त्याने 20 वेळा रेझ केली आणि 4 वेळा कुणीतरी 3-बेट केली. तो 3 वेळा फोल्ड झाला, की स्क्रीनवर 75 दिसतं. त्याने 2.5 बिग ब्लाइंड (डावाआधीची मोठी सक्तीची पैज, मोजमापही तेच) ओपन केलं, म्हणजे पहिली रेझ केली, आणि आपण बटनवरून (सर्वांत शेवटी खेळणारी जागा) 8 केलं, तर आपण 8 लावतोय पॉटमधल्या 4 साठी (त्याचे 2.5 आणि दोन ब्लाइंडचे 1.5). नुसत्या फोल्डवर हा ब्लफ फायद्यात यायला 67 टक्के वेळा सगळ्यांनी पानं टाकायला हवीत. 75 बघून हात शिवशिवतो. पुढच्या 3-बेटला त्याने कॉल केला (तेवढेच पैसे लावले), की तोच आकडा 60 होतो आणि ब्लफचा आधारच जातो. शिवाय त्या चार वेळांपैकी तीन वेळा त्याने कटऑफवरून (बटनच्या आधीची जागा) ओपन केलं असेल, तर पहिल्या जागेवरून ओपन केल्यावर तो काय करेल, हे त्यातून अजिबात कळत नाही. 4 पैकी 3 असो की 400 पैकी 300, आकडा तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत दिसतो. कर्सर नेला की नमुना किती ते दिसतं, पण चार टेबलं चालू आणि घड्याळ पळत असताना तो कुणी नेत नाही. रिव्हरच्या आकड्यांची गत तर याहून वाईट, कारण तिथवर डावच कमी पोचतात.

नोट्सला हे दुखणं नाही, कारण त्यात सरासरी नसते, घडलेला प्रसंग असतो. अट एकच: विशेषणं लिहायची नाहीत. ‘वेडा आहे’ ही नोट निरुपयोगी. ‘बिग ब्लाइंडमधून दुसरी जोडी घेऊन तिन्ही बेट कॉल, रिव्हर पाऊण पॉट’ ही कामाची. जागा, हात, बेटचा आकार आणि शोडाउनला (शेवटी पानं उघडताना) काय दिसलं, एवढं पुरे. हरलेला हात मक झाला (न दाखवता टाकला) तरी काही साइटवर हँड हिस्टरीत तो दिसतो. डाव संपताच उघडून बघा.

उदाहरण घ्या. बटनवरून 2.5 ओपन, बिग ब्लाइंडचा कॉल, पॉट 5.5. फ्लॉप राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. आपली बेट एक तृतीयांश पॉट, म्हणजे 1.8, ही 25 टक्के वेळा चालली तरी भागतं. समोरच्याने क्षणात कॉल केला. झटपट कॉल म्हणजे बहुतेकदा त्याने रेझचा विचारच केला नाही: सत्तीची जोडी, नाहीतर हातातलीच मधली जोडी. आता पॉट 9.1. नोटमध्ये ‘फ्लॉपला झटकन कॉल, टर्नच्या मोठ्या बेटला दोनदा फोल्ड’ असं असेल, तर टर्नला 6 लावा; 40 टक्के फोल्ड पुरतात. वर दिलेली ‘तिन्ही बेट कॉल’वाली नोट असेल, तर ब्लफ तिथेच सोडा, आणि चांगल्या किकरचा (जोडीसोबतच्या पानाचा) राजा असताना मात्र उरलेल्या दोन्ही स्ट्रीटला मोठी बेट लावा. दोघांचाही व्हीपीआयपी 30 असू शकतो. (वेळेच्या खुणेवर एकट्या विसंबू नका. कधीकधी तो दुसऱ्या टेबलावर अडकलेला असतो.)

नोट्सची किंमतही आहे. दोन टेबलांपलीकडे लक्ष पुरत नाही. आणि आपण फोल्ड केलेले डाव बघावे लागतात, नेमका तिथेच बहुतेकांना कंटाळा येतो. शिवाय ज्याने आपला मोठा पॉट नेला, त्याच्याबद्दलची नोट रागात लिहिली जाते. ती सेशननंतर पुन्हा वाचून दुरुस्त करावी.

काही साइटवर निवडीचा प्रश्नच येत नाही: पार्टीपोकरने 2019 मध्ये एचयूडी बंद केली. निनावी टेबलांवर तर मागचं काहीच हाती लागत नाही, त्या बैठकीत दिसेल तेवढंच.

बरीच टेबलं किंवा फास्ट-फोल्ड खेळत असाल, तर एचयूडी घ्या, पण नावाशेजारी फक्त व्हीपीआयपी, पीएफआर आणि डावांची संख्या ठेवा. बाकीचे आकडे पॉपअपमध्ये ढकला. एक-दोन टेबलांवर तेच तेच खेळाडू भेटत असतील, तर मी नोट्सच्या बाजूने आहे. सुरुवातीला तीन रंग पुरतात: फोल्ड न होणारा, टर्नला सोडणारा आणि रेझला रेझने उत्तर देणारा. एक शोडाउन बघून रंग देऊ नका, तशाच दुसऱ्या डावाची वाट बघा.