डॉर्सेटमधल्या एका शेतमजुराचा माग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या सासऱ्यांचे खापरपणजोबा इंग्लंडच्या डॉर्सेट काउंटीत शेतमजूर होते. जमीन नाही, मृत्युपत्र नाही, सहीच्या जागी फुली. असा माणूस कागदांत सापडेल का, या प्रश्नावर मी गेले कित्येक महिने जीआरओची (इंग्लंडचं जन्म-मृत्यू नोंदणीचं सरकारी कार्यालय) ऑनलाइन सूची, फ्रीबीएमडी आणि फॅमिलीसर्च ही जुन्या नोंदी शोधण्याची फुकट संकेतस्थळं, डॉर्सेट ओपीसी हे स्वयंसेवकांचं संकेतस्थळ आणि एक सशुल्क संकेतस्थळ वापरतेय. जमीनदार घराण्याचा शोध घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी असेल. हे लिहितेय ते मजुरांच्या वंशजांसाठी.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो जीआरओच्या सूचीचा. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. जन्मांच्या जुन्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ नंतरच मिळतं, जीआरओच्या या नव्या ऑनलाइन सूचीत मात्र ते १८३७ पासूनच आहे. शेजारच्या तीन गावांत एकच आडनाव आणि प्रत्येक घरात एक जॉन, एक विल्यम. आईच्या आडनावाशिवाय ती भावंडं वेगळी करताच आली नसती. शिवाय दोन जनगणनांच्या मधे जन्मून गेलेलं एक तान्हं मूलही मिळालं. ३ पौंड भरून त्याच्या मृत्यूच्या नोंदीची प्रतिमा घेतली: कारण डांग्या खोकला, माहिती देणारी आई, तिचीही फुलीच. त्या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबले.

जनगणना वाचताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं साधारणपणे खालच्या पाचाच्या पटीत लिहिली जात. आमचे खापरपणजोबा १८४१ ला ३५ आणि १८५१ ला ४८ वर्षांचे दिसतात, तरी माणूस एकच. व्यवसायाच्या रकान्यात शेतमजूर या अर्थाचं नुसतं ‘अ‍ॅग. लॅब.’. १८५१ पासून जन्मगाव लिहिलेलं असतं आणि तिथून चर्चच्या नोंदवह्यांकडे जाता येतं. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण मिळतं, त्याआधी बहुतेकदा एखादीच ओळ. डॉर्सेट ओपीसीच्या स्वयंसेवकांनी अशा कितीतरी वह्या उतरवून फुकट ठेवल्यात. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

पण माणूस खरा भेटला तो गरीब कायद्याच्या, म्हणजे गरिबांना मदत देण्याच्या जुन्या कायद्याच्या कागदांत. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर (चर्चच्या हद्दीतल्या गावावर) फक्त आपल्या हक्काच्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी होती. बाहेरचा कोणी मदत मागू लागला, किंवा १७९५ पर्यंत नुसती मागेल अशी भीती वाटली, तरी दोन न्यायाधीशांपुढे शपथेवर त्याची चौकशी व्हायची. डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्टरी सेंटरमध्ये अशा चौकशांचे कागद जपलेले आहेत. आमच्या कागदात खापरपणजोबा सांगतात: जन्म कुठे झाला, चौदाव्या वर्षी कोणत्या शेतकऱ्याकडे २५ मार्चपासून वर्षभरासाठी राहिले, मजुरी किती, मग लग्न कुठे. अविवाहित गड्याने पूर्ण वर्ष चाकरी केली की त्या पॅरिशवर हक्क मिळे, म्हणून काही शेतकरी मुद्दाम ५१ आठवड्यांचाच करार करत. हे कळल्यावर ‘वर्षभर’ हा साधा तपशील का विचारला गेला ते उमगलं. जनगणनेत न सापडणारं त्यांचं तरुणपण या एका पानात आहे.

सशुल्क संकेतस्थळावर मूळ पानांच्या प्रतिमा उत्तम आहेत, ते मान्य. त्याच्या ‘सूचनां’वर, म्हणजे ‘हा तुमचाच पूर्वज असावा’ असं आपोआप सुचवण्यावर, मात्र मी चिडले आहे. दुसऱ्यांच्या वंशवृक्षांवरून आमच्या माणसाला सॉमरसेटमधल्या एका नावबंधूशी जोडून दिलं, आणि तो नावबंधू दोन वर्षांचा असतानाच पुरलेला! तक्रारीला ठरावीक साच्याचं उत्तर आलं. वर्गणीही आपोआप नूतनीकरण होते, तारीख लिहून ठेवा. इंग्लंडमध्ये राहत असाल तर आधी जवळच्या ग्रंथालयात विचारा, बऱ्याच ठिकाणी अशी सशुल्क संकेतस्थळं तिथल्या संगणकावर फुकट वापरता येतात.

नकाशांसाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं संकेतस्थळ पाहा. इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) नकाशे तिथे फुकट आहेत.

माझे गुण, पाचपैकी: जीआरओ सूची ५, डॉर्सेट ओपीसी ५, फॅमिलीसर्च ४, फ्रीबीएमडी ४. सशुल्क संकेतस्थळाला प्रतिमांसाठी ४ आणि सूचनांसाठी १.